शून्य खरे की खोटे?



विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे आपण प्रथम काय करतो? स्टार्टरचे झाकण उघडतो, खिशातला टेस्टर काढतो, नाहीतर वायरमनला हाक मारून आणतो. तो आपल्या पिशवीतले मीटर काढून तारांना लावतो. काटा हलत नाही, आकडा उमटत नाही. मग जमलेली मंडळी म्हणतात, "लाइन नाही. घाल हात खुशाल."

येथे क्षणभर थांबावे, असे मला आज सांगायचे आहे. मीटरने शून्य दाखवले, याचे अर्थ दोन होतात. तारेत वीज नाही हा एक अर्थ. मीटरच मेलेले आहे हा दुसरा. मीटरच्या लाल वायरीतली तार प्लास्टिकच्या आवरणाच्या आत तुटलेली असेल, आतला फ्यूज उडालेला असेल, फिरवायच्या खटक्यावर काळपट गंज चढलेला असेल, तरी बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते शून्यच. खरे शून्य आणि खोटे शून्य यांचा चेहरा अगदी एक आहे. जुन्या वायरमन मंडळींनी यावर एक साधी रीत ठरवलेली आहे. जेथे वीज नक्की आहे अशा जागी मीटर आधी लावून पाहायचे. मग संशयित तारेला लावायचे. आणि नंतर पुन्हा पहिल्या जागी लावून मीटर अजून जिवंत आहे ना, याची खात्री करून घ्यायची. तीन वेळा लावायचे, अर्धे मिनिट लागते. रात्रीच्या पाळीची लाइट असते, पाय चिखलात असतात, पाणी धरायची घाई असते. अशा वेळी हे अर्धे मिनिट कोणी देत नाही, आणि घात होतो तो नेमका त्याच वेळी.

आता आपण विचाराल, भाषणाचा विषय काय आणि हे काय चालले आहे? विषय तोच आहे. मोजणारी यंत्रे, म्हणजे मीटर, मेगर, ऑसिलोस्कोप वगैरे, जुनी झाली, बिघडली म्हणजे ती उघडून, साफ करून, दुरुस्त करून पुन्हा खरे बोलायला लावण्याचा एक छंद जगात पुष्कळ लोकांना आहे. कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा असतो, तसा. मी स्वतः इंजिनिअर नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा एम. ए. झालेला मनुष्य. परंतु हा छंद मला फार मोलाचा वाटतो, आणि तो खेड्यात, आणि विशेषतः शाळेत, रुजावा असे वाटते.

येरमाळ्याचेच उदाहरण घ्या. सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचे, बार्शी-कळंबच्या वाटेवरचे हे गाव. चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरते, लोक चुनखडी वेचायला लोटतात. यात्रा म्हटली की दिव्यांच्या माळा, कर्णे, पाळणे, जनरेटर आले. उघड्या रानातून वायरी आल्या. बाकीच्या दिवसांत विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी आहेतच. अशा गावात मोटार भरून देणारा सापडतो, पंखा दुरुस्त करणारा सापडतो, मोबाइल उघडणारा तर गल्लीगल्लीत सापडतो. परंतु या सर्वांच्या हातातले जे मीटर, ते दुरुस्त करणारा कोण? तो बहुधा सापडत नाही. मीटर बिघडले की ते फळीवर पडते, त्यावर धूळ बसते, आणि नवे स्वस्तातले आणले जाते. त्या नव्याचे खरे-खोटे पाहण्यासाठी जवळ दुसरे काही नसते. म्हणजे तराजू आला, पण वजने तपासायचे साधन गेले, अशी स्थिती होते.

जुन्या मीटरांची थोडी कुळकथा सांगतो. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकॅडी नावाचे एक इंजिनिअर होते. तारायंत्राच्या लाइनी दुरुस्त करताना करंट मोजायला एक यंत्र, व्होल्ट मोजायला दुसरे, रोध मोजायला तिसरे, अशी तीन यंत्रे वाहून नेण्याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी तिन्ही एका पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओहम या तीन शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्या पेटीचे नाव पडले ॲव्हो. ही गोष्ट १९२३ सालची. तिचा आठवा नमुना १९५१ साली निघाला, आणि थोड्याफार फेरफाराने तो २००८ सालापर्यंत बनत राहिला. एखादे यंत्र पन्नासहून अधिक वर्षे त्याच बांध्याने विकले जाते, ही आजच्या दिवसांत नवलाचीच गोष्ट म्हणायची. आपल्याकडे नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीची काट्याची मीटरे महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये अजून दिसतात. काळी, जड, पट्ट्याने उचलायची. ठाण्याच्या ॲपलॅब या कंपनीची, १९६२ साली सुरू झालेल्या, यंत्रेही प्रयोगशाळांच्या कपाटांत असतात.

ही यंत्रे दुरुस्त का होऊ शकतात, ते पाहा. त्यांना स्क्रू असतात. मागचे झाकण काढले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. सोबतच्या पुस्तकात आतला सारा नकाशा छापलेला असतो. अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तर एक मौज केली होती. तिच्या जुन्या ऑसिलोस्कोपांत चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडण्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवरचा चांदीचा पातळ थर साध्या कथलाने हळूहळू विरघळून जाई. म्हणून दुरुस्तीला चांदी मिसळलेले कथीलच वापरावे लागे. ते परगावी कोठे मिळणार? कंपनीने त्याची एक लहानशी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून दिली! बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याची इतकी आठवण ठेवावी, ही गोष्ट मला त्या यंत्राच्या साऱ्या करामतींपेक्षा मोठी वाटते. आजची पुष्कळ यंत्रे चिकटवून बंद केलेली येतात. उघडायला गेले की तुटतात.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणत नाही. स्टार्टरवर, डीपीजवळ, थ्री फेजच्या तारांवर काम करायचे असेल, तर मीटर आजचेच हवे. त्यावर कॅट ३ आणि ६०० व्होल्ट अशी सुरक्षेची खूण असते, आणि आतला फ्यूज तसा तगडा असतो. नुसती खूण छापून विकली जाणारी मीटरेही बाजारात आहेत, म्हणून घेताना नाव-गाव पाहून घ्यावे. जुन्या मीटरला या कसोट्या कधी लावलेल्याच नसतात. त्याची जागा टेबलावर, शाळेत, भरून आलेल्या मोटारीची वेटोळी तपासण्यात.

परंतु काट्याच्या मीटरचा एक गुण सांगितला पाहिजे. बोअरवर लांब केबल गेलेली असते. तिच्यातली एक तार तुटली आणि शेजारची चालू असली, तर नुसत्या शेजारामुळे तुटलेल्या तारेवर थोडीशी वीज भासते. डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा १ कोटी ओहम इतका प्रचंड असतो. ते त्या भासालाही आकडा देते. ५०, ८०, कधी त्याहून अधिक व्होल्ट दाखवते, आणि माणूस गोंधळतो की लाइन आहे की नाही! काट्याचे मीटर स्वतःला थोडा करंट ओढून घेते, त्यामुळे तो भास ओसरतो आणि काटा जवळजवळ खाली बसतो. दोन मीटरे दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही आपापल्या परीने खरीच असतात. विज्ञानाच्या शिक्षकाला वर्गात दाखवायला याहून चांगला प्रयोग कोणता? मात्र तो केबलच्या तुकड्यावर, शिक्षकाने स्वतःच्या हाताने, आजच्या सुरक्षित मीटरांनी करावा. काट्याचेही नवे मीटर मिळते. मुले लांबून पाहतील.

मेगरची गोष्ट आणखी वेगळी. हे नाव १९०३ सालापासून चालत आलेले. हाताने दांडी फिरवायची, आत ५०० व्होल्ट तयार होतात, आणि मोटारीची वेटोळी तिच्या लोखंडी अंगापासून नीट अलग आहेत की नाही ते कळते. पाण्यातल्या मोटारीला हे फार महत्त्वाचे, कारण वीज अंगावर उतरली तर ती पाइपावाटे थेट माणसापर्यंत येते. निदान १ मेगओहम, म्हणजे १० लाख ओहम तरी हवेत, असा कारागिरांचा ठोकताळा असतो. आता गंमत अशी, की जुन्या हातमेगरचा काटा दांडी न फिरवता कोठेही रेंगाळतो. त्याला जागेवर आणणारी स्प्रिंगच मुळात नसते. हे ठाऊक नसल्यामुळे, "काटा शून्यावर येत नाही, बिघडला आहे," असा शेरा मारून धडधाकट मेगर अडगळीत टाकला जातो! तो तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून दांडी फिरवा. काटा अनंताच्या खुणेवर गेला पाहिजे. वायरी एकमेकींना जोडून अगदी हळू फिरवा; काटा शून्यावर आला पाहिजे. अनंत आणि शून्य ही दोन टोके बरोबर दाखवली, तर मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. फिरवताना उघड्या टोकांना बोट लावू नये, आणि मोटारीची लाइन पूर्ण सोडवल्याशिवाय मेगर जोडू नये.

दुरुस्तीला बसण्याआधी एक मोठी गोष्ट सांगून घेतो. प्रोफेसर गोविंद स्वरूप हे नाव आपण ऐकले असेल. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी विशाल रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती त्यांच्या कल्पनेतून झाली. हे गृहस्थ तरुणपणी, १९५३ ते १९५५ या काळात, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ काम शिकत होते. तेथे सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या सूर्याचे निरीक्षण करून निकामी झाल्या होत्या आणि मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. तबकड्या आल्या, दिल्लीत राहिल्या; स्वरूप अमेरिकेला गेले, १९६३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. त्यानंतर त्याच तबकड्या मुंबईजवळ कल्याणला उभारल्या गेल्या, आणि १९६५ साली त्यांतून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. तेथे तरुण मंडळींचे हात तयार झाले. पुढे उटीची दुर्बीण आली आणि मग खोडदची. लोकांच्या मोडीतल्या ३२ तबकड्या आणि दहा वर्षांचा धीर, एवढ्यावर ही सुरुवात झाली. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या तबकड्या मधल्या काळात नीट ठेवलेल्या होत्या. कोणी त्या भंगारात घातल्या असत्या, तर कल्याण झाले नसते.

आता शाळेच्या कपाटाकडे वळू. शिक्षकमित्रांनो, आपल्या प्रयोगशाळेत एक कपाट असे असते, ज्याची किल्ली असते पण ते उघडले जात नाही. त्यात गॅल्व्हनोमीटर, अमीटर, एखादे मल्टिमीटर, कोणी देणगी दिलेला ऑसिलोस्कोप असतो. प्रत्येकावर "नादुरुस्त" अशी चिठ्ठी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नावे आहेत, म्हणून फेकता येत नाहीत. हात लावला आणि आणखी मोडले तर जबाबदारी कोणाची, म्हणून दुरुस्त होत नाहीत. मग एके वर्षी निर्लेखन होते आणि सगळे किलोवर जाते. ही भीती मी समजू शकतो. परंतु मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, आणि आधी साधी, सेलवर चालणारी यंत्रेच हातात घेऊन, तिच्यातून वाट काढता येते.

आणि पहिले काम पक्कड-स्क्रू ड्रायव्हरचे नाही, केरसुणीचे आहे. हसू नका. अव्यवस्थित टेबलावर जितकी यंत्रे दुरुस्त होतात, त्याहून अधिक मरतात. स्क्रू हरवतो, त्याच्या जागी लांब स्क्रू बसतो, तो आतल्या तारेला टेकतो. दोन यंत्रे एकाच वेळी उघडली जातात आणि भाग मिसळतात. गरम सोल्डरिंग आयर्न पुस्तकावर पडते. म्हणून टेबल खिडकीजवळ असावे, त्यावर जुनी पांढरी चादर अंथरावी. काळा स्क्रू पडला तर दिसतो. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यावा आणि ज्या क्रमाने स्क्रू निघाले त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवत जावे. बसवताना उलट क्रमाने निघतात. उघडण्याआधी आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने छायाचित्र काढावे. पूर्वीच्या लोकांना ही सोय नव्हती, ते चित्र काढून रंग लिहीत. आणि एका वेळी एकच यंत्र उघडे, हा नियम कोणासाठीही मोडू नये.

फळ्या तीन असाव्यात. चालू यंत्रांची एक, दुरुस्तीला थांबलेल्यांची दुसरी, आणि सुटे भाग काढून घ्यायचे अशांची तिसरी. हौशी माणसाची परीक्षा या तिसऱ्या फळीवर होते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारणारे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान पालथे घालणारे छांदिष्ट असतात. त्यांना घेण्याचा मोह आवरत नाही. घरात ढीग होतो, घरची मंडळी वैतागतात, आणि ढिगाखालचे यंत्र ढिगाच्या भारानेच मोडते. माझे मत विचाराल तर, चार सारखी बिघडलेली मीटरे असतील तर दोन बळी देऊन दोन चालू करावीत आणि उरलेले निरोपाला लावावे. चारही जपून ठेवणे म्हणजे यंत्रांवरचे प्रेम नव्हे, नुसता लोभ. आपल्या भागात तर धूळ आहे, उन्हाळ्याचा ताप आहे, उंदीर वायरी कुरतडतात, आणि स्टार्टरमध्ये पाल भाजून मेलेली कोणी पाहिली नाही? बंद झाकणाचे डबे आणि प्रत्येकावर मराठीत ठळक चिठ्ठी, एवढे झाले तरी अर्धे काम झाले.

"नादुरुस्त" या चिठ्ठीविषयी बोललो. ही चिठ्ठी काहीच सांगत नाही. यंत्र बिघडले त्या दिवशी, ज्याच्या हातात बिघडले त्याने, काय घडले ते लिहावे. "व्होल्ट बरोबर दाखवते, ओहमवर काटा हलत नाही." हे एक वाक्य दुरुस्त करणाऱ्याचा तास वाचवते, कारण ओहमसाठीच मीटरला आतला सेल लागतो. सेल संपला असेल, किंवा त्याची पट्टी गंजली असेल. शंभरात पुष्कळ "बिघडलेली" मीटरे एवढ्याच कारणाने पडून असतात. साधे, जस्ताचे सेल गळले असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसावे. अल्कलाइन सेल गळले असतील तर उलट, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. मग स्वच्छ पाण्याचा ओला बोळा, आणि पूर्ण वाळू द्यावे. ॲव्होच्या आठव्या नमुन्याला एक १५ व्होल्टचा सेल लागे. तो आता सहज मिळत नाही. छांदिष्ट लोक ३ व्होल्टची पाच बटनसेले एकावर एक रचून तेवढे व्होल्ट जमवतात.

दुसरी एक मजेशीर तक्रार. काटा मधेच अडकतो, बोटाने काचेला टिचकी मारली की हलतो. पुष्कळ वेळा दोष आत नसतोच. काच प्लास्टिकची असते, ती कोणी कोरड्या फडक्याने घासून पुसलेली असते, आणि घर्षणाने आलेली वीज काट्याला ओढून धरते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून त्या ओल्या फडक्याने हलकेच पुसावे; काटा सुटतो. मुलांना हा चमत्कार वाटतो, आणि स्थिर विजेचा धडा पुस्तकाबाहेर येतो.

लाइटवर चालणाऱ्या यंत्रांना मात्र मुलांनी हात लावू नये. ऑसिलोस्कोपच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात, आणि यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही आतले कंडेन्सर तो साठा धरून बसतात. जाणत्याने ते ताकदवान रेझिस्टन्समधून, चांगल्या आवरणाच्या वायरीने रिकामे करून, मीटरने पाहून मगच बोट घालावे. जुने लोक सांगत, काम करताना एक हात खिशात ठेवा. वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम २३० व्होल्टला लावणे, ही सर्वांत जास्त होणारी चूक. आतले मोठे कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम ताण आला की फुगतात, फुटतात. महाविद्यालयात डिमरस्टॅट असतो, त्याने व्होल्ट हळूहळू चढवता येतात. गावातल्या कारागिराकडे त्याहून साधी वस्तू असते, सिरीज बोर्ड. १०० वॉटचा बल्ब यंत्राच्या ओळीत जोडलेला. तो बल्ब कशासाठी, हे मुलांना जरूर समजावे. २३० व्होल्टवर पूर्ण पेटलेल्या १०० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. यंत्र निरोगी असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो, थंड राहतो आणि बहुतेक वीज यंत्राला जाऊ देतो. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सारा ताण स्वतःवर घेतो. मात्र बल्ब तारेचाच हवा. आजचा एलईडी येथे कामाचा नाही. म्हणून जुन्या तारेचे दोन-चार बल्ब सांभाळून ठेवावेत.

तारेच्या दिव्याच्या याच गुणावर एक मोठा कारखाना उभा राहिला, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी १९३९ साली कॅलिफोर्नियात एका गॅरेजात धंदा काढला. त्यांचे पहिले यंत्र वेगवेगळ्या पट्टीचे स्वर काढणारे होते. स्वर मोठा-लहान होऊ नये म्हणून ह्यूलेटने त्यात एक लहानसा दिवा बसवला. स्वर वाढला की दिवा तापतो, त्याचा रोध वाढतो, आणि स्वर आपोआप आवरला जातो. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने अशी आठ यंत्रे घेतली, १९४० सालच्या 'फँटेसिया' या बोलपटाच्या ध्वनीसाठी. आपल्या गावच्या सिरीज बोर्डाचा आणि त्या यंत्राचा जीव एकाच तत्त्वात आहे.

आता प्रश्न उरतो, दुरुस्त झालेले मीटर बरोबर आहे कशावरून? देशाची मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळली जातात, आणि त्यांच्याशी जोडलेली तपासणी केंद्रे पैसे घेऊन मीटर तपासून देतात. शाळेला तेवढे कोठे परवडणार? तेव्हा निदान तीन मीटरे एका नव्या सेलला लावावीत. नवा सेल दीड व्होल्टच्या थोडा वर, १.५५ ते १.६ दाखवतो. दोन मीटरे भांडली तर कोण खरे ते कळत नाही; तिसरे आले की निवाडा व्हायला मदत होते. जे थोडे चुकते ते टाकू नये. त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावावी, "अमुक तारखेस तपासले, इतके कमी दाखवते." चूक ठाऊक असलेले मीटर उपयोगी असते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावे, वेल्डिंग करावे, वायरिंग करावे, माती तपासावी, आणि हे करताना विज्ञान समजून घ्यावे, ही त्यांची पद्धत. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तेथे यंत्रसामग्रीची एक आधुनिक कर्मशाळा उघडली. पाबळ काही शहर नव्हे. येरमाळ्याच्या, कळंबच्या, वाशीच्या शाळेत एवढी सामग्री नसेल; पण एक टेबल, एक पांढरी चादर, अंड्यांचा ट्रे आणि शनिवारची शाळा सुटल्यानंतरचा एक तास असू शकतो. गावातल्या मोटार भरणाऱ्या कारागिराला त्या तासाला बोलवावे. त्याच्या हाताला जे कळते ते पुस्तकात नाही, आणि शिक्षक जे सांगू शकेल ते त्याला कोणी सांगितलेले नसते. शाळेची तपासलेली तीन मीटरे असली, तर तो आपले रोजचे मीटर महिन्यातून एकदा त्यांच्याशी ताडून नेईल. त्याच्या मीटरवर विसंबून कोणाचा तरी हात स्टार्टरमध्ये जात असतो.

दोन बारीकसारीक सूचना राहिल्या. काट्याचे मीटर एसटीने सोलापूरला किंवा बार्शीला न्यायचे असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडून घ्यावा. वाटेतल्या धक्क्यांनी काटा आपटत नाही, जडपणे हलतो. आणि कपाटात ठेवताना सेल काढून वेगळा ठेवावा, टोकांच्या वायरी न मुडपता सैल गुंडाळाव्यात, आणि खटका व्होल्टच्या सर्वांत मोठ्या घरावर फिरवून ठेवावा. पुढच्या खेपेला ते कोणाच्या हातात पडेल, आणि तो ते कशाला लावेल, हे आपल्याला ठाऊक नसते.